तिच्याच आवाजाने उघडणारी वही

त्यांना सगळे रेडिओकाका म्हणायचे. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली होती, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. आधी लोक रेडिओ घेऊन यायचे, मग टेपरेकॉर्डर, मग नुसतेच गप्पा मारायला. आणि गप्पांवर काही दुकान चालत नाही. काकांनी एक दिवस पाटी उतरवली, पान्हे-पकडी पिशवीत भरल्या आणि घरी आले.

पुढे एका छोट्या कंपनीत त्यांना काम मिळालं. कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि नऊ माणसं. ही माणसं एक बोलणारी डबी बनवायची. "दहा मिनिटांनी गॅस बंद करायची आठवण कर," "दिवा मालव," असं म्हटलं की ती ऐकायची. मोठ्या कंपन्याही अशा डब्या विकत होत्या, त्याही निम्म्या किमतीत, कधी तर फुकटच. पण त्या घरातलं बोलणं टिपून कंपनीकडे धाडायच्या. काकांच्या डबीत सगळं घरातल्या घरात. ऐकायचं, सांगितलेलं काम करायचं आणि आवाज तिथल्या तिथे पुसून टाकायचा. त्यासाठी गिऱ्हाइकानं वर्षाला थोडी वर्गणी द्यायची. कंपनीची कमाई तेवढीच.

काकांचं काम घरोघरी जाऊन डबी बसवायचं. पण बसवण्याआधी पटवावं लागे, आणि ते महाकठीण होतं.

"सगळेच असं म्हणतात हो," लोक म्हणायचे.

काका वाद घालत नसत. भिंतीतली इंटरनेटची वायर उपटून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "आता विचारा तिला काय विचारायचं ते." डबी वायरीशिवायही धडाधड उत्तरं द्यायची. पण खरं सांगायचं तर लोक वायरीपेक्षा काकांकडे बघून डबी घ्यायचे. तीस वर्षं हा माणूस त्यांच्या घरांत येत-जात होता, आणि या घरातली गोष्ट त्यानं त्या घरात कधी नेली नव्हती.

पहिली डबी त्यांनी स्वतःच्या घरी बसवली होती, काकूंच्या शिलाई मशीनशेजारी. काकू शिवणकाम करायच्या. दोन्ही हात कापडात अडकलेले, म्हणून मापं त्या डबीलाच सांगायच्या. तिच्याशी भांडायच्याही. "ए डबे, नीट ऐक की जरा! चौदा म्हटलं मी, चाळीस नाही."

एकदा त्यांनी काकांना विचारलं, "अहो, ही सारखी ऐकत असते. ते सगळं जातं कुठे?"

"कुठेच नाही. पुसलं जातं."

"नक्की?"

"मी बसवलीय ती."

"म्हणून तर विचारतेय," काकू म्हणाल्या.

त्या डबीत घरातल्या प्रत्येकाला स्वतःची वेगळी वही ठेवता येत असे. सांगाल ते डबी लिहून घेई, आणि ती वही ज्याच्या त्याच्या आवाजानेच उघडे. काकूंनी मापांची वही सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आणि दुसरी एक स्वतःपुरती केली. काका हसले. "माझ्यापासून काय लपवायचंय तुला?"

"असतं माणसाचं काहीतरी," एवढंच त्या म्हणाल्या आणि मशीन चालू केलं.

चार वर्षं अशीच गेली. मग एका हिवाळ्यात काकूंना साधा ताप आला, तो छातीत उतरला, आणि नवव्या दिवशी काका हॉस्पिटलमधून एकटेच घरी आले.

मूलबाळ नव्हतं. पाहुणे आठ-दहा दिवस राहून गेले. घरात काकूंचे फोटो होते, पण आवाज कुठेच नव्हता. मोबाइल समोर धरला की त्या तोंडावर हात ठेवायच्या. भाचीच्या मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ सापडला. त्यात काकू दिसतही नव्हत्या. कुठून तरी मागून "पुरे आता" एवढं ऐकू यायचं. काकांनी ते इतक्यांदा ऐकलं, की शेवटी तो आवाज काकूंचा वाटेनासा झाला. मग त्यांनी ते ऐकणं सोडलं, उरलंसुरलंही जाईल या भीतीनं.

एका दुपारी एक गृहस्थ दारात आले. त्यांचा कोट काकूंकडे अर्धवट शिवून राहिला होता. तो दुसऱ्या शिंप्याकडे द्यायचा, म्हणून मापं हवी होती. काकांनी डबीला विचारलं. डबी तिच्या त्या सपाट आवाजात म्हणाली, "खांदे साडेसतरा. डावी बाही अर्धा इंच लांब ठेवायची. का ते विचारायचं नाही, त्यांना लाज वाटते."

गृहस्थांनी डावा हात खिशात घातला. कोट घेऊन ते गेले, आणि काका तिथेच मशीनच्या स्टुलावर बसून राहिले. शब्द काकूंचे होते, अगदी त्यांचेच. फक्त आवाज भलताच. त्यांनी डबीला सगळी मापं वाचायला लावली. डॉक्टरांच्या मुलीचा फ्रॉक, ‘दोन बोटं सैल, पोरगी वाढतेय.’ बँकेतल्या बाईंचा ड्रेस, ‘कंबर सांगतात त्यापेक्षा दोन इंच जास्त धरायची.’ काका हसले, मग हसता हसता रडले. संध्याकाळ झाली तेव्हा डबी म्हणाली, "मापं संपली. दुसऱ्या वहीत एकेचाळीस नोंदी आहेत. ती वही फक्त मालकिणीच्या आवाजाने उघडते."

दुसऱ्या दिवशी काका डबी पिशवीत घालून कंपनीत गेले. ती बनवणारी इंजिनिअर त्यांची मुलगी शोभेल अशा वयाची. काकांनी डबी तिच्या टेबलावर ठेवली.

"एखादा तुकडा तरी असेल ना ग? एखादं ‘अहो’?"

तिनं डबी उघडली आणि पडद्यावर सगळं दाखवलं. आवाजाला जागा होती ती चार-पाच सेकंदांची. नवा आला की जुना पुसलेला. ओळख पटवायला म्हणून नुसते आकडे होते. "काका, या आकड्यांतून आवाज परत येत नाही."

"आणि वही?"

"मलाही उघडता येत नाही. कुणालाच नाही."

काका कधी कुणावर ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले. "चार वर्षं ती तुमच्या डबीशी बोलत होती! माझ्याशी बोलली नसेल एवढं! आणि तुमच्याकडे काही नाही?"

 मुलगी मान खाली घालून बसली होती. काकांना एकदम आठवलं, हेच वाक्य आपण शेकडो घरांत छाती काढून सांगितलंय: मलासुद्धा उघडता येत नाही. ते खुर्चीत बसले. तिनं पाणी आणून दिलं.

"या वर्षी असं विचारायला आलेले तुम्ही सातवे," ती हळूच म्हणाली. "मालक म्हणतात, सगळ्यांचा आवाज डबीतच साठवून ठेवू. वेगळी वर्गणी लावू. लोक खुशीनं देतील आणि कंपनीही उभी राहील. तुम्हाला काय वाटतं?"

"मला आज विचारू नकोस, पोरी," काका म्हणाले. "आज मी हो म्हणेन."

महिन्याभरानं ते एका नर्सच्या घरी डबी बसवायला गेले. ती दिवसभर कामावर असायची. घरात ऐंशीच्या घरातली आई एकटी. काकांनी नेहमीसारखं सगळं सांगितलं, पण नर्सनं मान हलवली.

"मला ती दुसरी, मोठ्या कंपनीचीच घ्यायचीय. त्यात आवाज राहतो म्हणे. उद्या आईचं काही झालं तर..."

 तिचं चुकतंय, हे काका कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी एवढंच म्हणाले, "आईंना विचारलंत?"

"मला कोण विचारतंय!" आतल्या खोलीतून म्हातारीचा आवाज आला. काठी टेकत ती बाहेर आली. "दिवसभर मी काय काय पुटपुटते, देवाला ठाऊक. हिलाही चार शिव्या देते. ते कशाला साठवायचं? काय सांगायचं ते मी नीट बसून सांगेन. केस विंचरून."

नर्स हसली. मग तिनं डोळे पुसले.

काका जिना उतरताना थांबले आणि त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. "तू विचारलं होतंस ना? ज्याचा आवाज, त्यानं स्वतः ‘ठेवा’ म्हटलं, तरच ठेवा. नाहीतर पुसा. आमच्या घरातला पुसला, ते बरोबर होतं." फोन खिशात टाकला आणि कठडा धरून ते पुढच्या पायऱ्या उतरू लागले. बरोबर होतं, आणि तरी सहन होत नव्हतं.

कंपनीनं पुढे तसंच केलं. फार वर्गणी काही जमली नाही, पण कंपनी टिकली. नर्सनंही काकांचीच डबी घेतली.

त्या रविवारी काका आपला एक जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून तिच्या घरी घेऊन गेले. म्हातारी खरोखरच केस विंचरून बसली होती. तिनं आपलं लहानपण सांगितलं, नवऱ्याची एक फजिती सांगितली, मुलीला दोन गोष्टी बजावल्या आणि दमली. मग काकांकडे वळून तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"बायको होती."

"कशी बोलायची?"

असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.  "आवाज... थोडा घोगरा. सर्दी झाल्यासारखा. वाक्याचा शेवट खाऊन टाकायची, आपण समजून घ्यायचं. राग आला की फार हळू बोलायची. आणि मला हाक मारायची ना, तर ‘अहो’मधला ‘अ’ जवळजवळ नसायचाच. नुसतं ‘हो’. नवीन माणसाला वाटायचं, ही कशाला तरी होकार देतेय..."

नर्स टेप बंद करायला उठली नाही. म्हातारीनं हनुवटी काठीवर टेकवली. काका सांगत होते, मधेच थांबून आवाज काढून बघत होते, जमेना तसे पुन्हा काढत होते. कॅसेट संपून बटण आपोआप वर आलं, तरी ते बोलतच होते.