कोजागिरीचे फोटो

आमच्या घरी पाहुणे आले की एक गोष्ट हमखास सांगितली जाते – अवीने आयुष्यातले सगळ्यात चांगले फोटो स्वतःच्याच हाताने कसे पुसले. सांगतो तोच, हसत हसत. ती गोष्ट खोटी आहे. हे माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही – त्यालाही नाही.

कुठून सुरू करू? चंद्रापासूनच करते, कारण माझा राग आधी त्याच्यावर होता. अविनाश, माझा नवरा, इथल्या कौन्सिलात, म्हणजे नगरपालिकेत, रस्ते बघणारा इंजिनिअर. पौर्णिमेला इकडे सूर्य मावळतो आणि त्याच सुमारास समोरून चंद्र उगवतो. शेतांवर संध्याकाळचा उजेड अजून असतो आणि वर चंद्र – एवढा थोडासा वेळ त्याला फोटोसाठी हवा असायचा. महिन्यातून एकदा. आणि राहतो कुठे, तर वेल्समध्ये, जिथे ढग घरजावयासारखे मुक्काम ठोकून असतात. तरी दर पौर्णिमेला आम्ही कार्डिफहून निघून ब्रेकनच्या डोंगरात, रस्त्याकडेला गाडी लावून हजर. तो बाहेर ट्रायपॉडपाशी, मी आत थर्मास घेऊन. माझं काय काम होतं तिथे? एकट्याने जायला त्याला आवडत नसे, एवढंच. वर्षानुवर्षं मी मेंढ्या बघत बसले.

तो नुकताच फिल्मवरून डिजिटलवर आला होता, त्या वर्षीची ही गोष्ट. कोजागिरी नेमकी शनिवारी आली. चर्चच्या हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता – हो, ट्यूबलाइटखाली मसाला दूध, हसा खुशाल – आणि त्यात मी गाणार होते. लग्नानंतर पहिल्यांदा. मी काम करायचे त्या लॅबला जाता-येता, बसमध्ये ओठांतल्या ओठांत घोकून बसवलेलं गाणं. अवी म्हणाला, "वाटेत फक्त दहा मिनिटं थांबू, ट्रस्ट मी." वाटेत कसलं? अगदी उलट्या दिशेला. पण आकाश निरभ्र होतं, तिथेच माझं नशीब फुटलं.

मी काठापदराची साडी नेसून, मांडीवर दुधाचा डबा धरून गाडीत बसलेली. चंद्र वर आला, आणखी वर आला. मी हॉर्न वाजवला. त्याने मागे वळूनही न बघता हात वर केला – थांब. आम्ही हॉलवर पोचलो तेव्हा लोक खुर्च्या उचलत होते. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, नेक्स्ट इयर नक्की हं." आणि अवी? तो दारातच सगळ्यांना चंद्राचं वर्णन करून सांगत होता.

परतताना तो पेट्रोल भरायला उतरला. कॅमेरा माझ्या मांडीवर होता. मी फोटो बघितले. सुंदर होते – हे सांगायलाच हवं. गुलाबी झालेली दगडी कुंपणं, एक पडका मेंढवाडा, आणि त्याच्यावर तो चंद्र. मग – मग मी सगळे पुसले. कॅमेऱ्याने विचारलं, नक्की का? मी हो म्हटलं. अवी पैसे देऊन परत आला, येताना माझ्या आवडीचं चॉकलेट घेऊन.

मला वाटलं होतं, घरी गेल्यावर तो आरडाओरडा करेल, मीही करीन. तू माझी संध्याकाळ घालवलीस, मी तुझी घालवली, फिट्टंफाट. त्याने आवाजसुद्धा चढवला नाही. कम्प्युटरसमोर बसून म्हणाला, "अगं, मीच डिलीट केले वाटतं. मला आठवतच नाहीये." चेहरा पांढराफटक. पुण्यात त्याच्या वडिलांना शेवटी स्वतःचा मुलगा ओळखू येत नव्हता. अवी आयुष्यात घाबरतो ते याच एका गोष्टीला, आणि हे मला पुरतं माहीत होतं. एक वाक्य पुरलं असतं ना? मी म्हणाले, "होतं असं कधीकधी. झोप आता."

तो जीपीकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेला. तपासण्या चांगल्या आल्या, त्याचा विश्वास बसला नाही. गॅस बंद केलाय का, हे उठून उठून बघू लागला. किल्ल्या माझ्याकडे दिल्या. ट्रायपॉड लॉफ्टमध्ये गेला. आणि मी काय केलं? त्याच्यावरच वैतागले. किती रे संशय घेशील स्वतःवर, म्हणून टोमणे मारले – मी, जिने तो संशय पेरला. पुढच्या कोजागिरीला मंडळात गायले. पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त टाळ्या त्यानेच वाजवल्या.

आधी राग होता, मग लाज वाटली, मग फार वर्षं झाली. ही काही कारणं नव्हेत, ठाऊक आहे मला.

गेल्या पौर्णिमेला आकाश स्वच्छ होतं. मीच म्हटलं, जाऊ या का? त्याला इतका आनंद झाला की मला बघवेना. ट्रायपॉड काढला, धूळ पुसली, थर्माससुद्धा त्यानेच भरला. फोटो झाले, गाडीत बसला आणि कॅमेरा माझ्यापुढे धरून म्हणाला, "तू ठेव गं तुझ्याकडे. माझा काही भरवसा नाही."

मी घेतला. घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसले.