एका ब्लॉकला एक ब्लेड

देगलूरकर मॅडमनी देगलूर पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, माझं आजोळ तिथलं. हे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात ऐकवलं, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मग नामदेवराव, हे आडनाव तुम्हीच घ्या की. सही करायला बहुत लांब पडतं मला." असलं बोलणारी बाई मोठी शास्त्रज्ञ असेल असं मला तेव्हा वाटलं नाही. माणसांबद्दलचा माझा अंदाज सहसा चुकत नाही. इथे चुकला.

मी नामदेव सोनकांबळे. वडील बिलोलीकडून सिकंदराबादला रेल्वेत खलाशी म्हणून आले, आणि मी हैदराबादच्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं पेशंटच्या गाठी कापल्या. म्हणजे ऑपरेशन नव्हे. डॉक्टर गाठीचा तुकडा काढून पाठवतात. तो मेणात बसवला की काडेपेटीहून लहान ठोकळा होतो, त्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. तो मशीनवर लावून केसाहून पातळ काप काढायचा, काचेवर घ्यायचा, आणि मग डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते सांगायचं. काप फाटला की मोठ्यातला मोठा डॉक्टर आंधळा. हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला तोंडावर सांगायचो. त्यामुळे लॅबमध्ये मी सगळ्यांचा लाडका होतो असं म्हणता येणार नाही.

डॉ. वृषाली देगलूरकर हैदराबादच्याच, काचीगुड्याच्या. आजोबा वकील, वडील सरकारी खात्यात, घरात मराठी, गल्लीत उर्दू आणि तेलुगू, शाळेत इंग्रजी. मराठी बोलायच्या फाडफाड, पण वाचायला दिलं की ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. स्कूटरवरून यायच्या, डबा घरी विसरायच्या आणि माझ्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या डोळ्यांदेखत संपवायच्या. कामातलं मात्र काही विसरायच्या नाहीत.

त्यांचं संशोधन त्यांनी मला चहा पिता पिता समजावलं. रक्ताचे काही कॅन्सर आणि लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या गाठींचा कॅन्सर, यांतल्या काहींमागे एक व्हायरस असतो. तो लहानपणीच जवळजवळ सगळ्यांच्या अंगात शिरतो आणि निमूट पडून राहतो. क्वचित एखाद्याच्या गाठीत तो उठून बसतो. कुणाच्या गाठीत आणि का, हा मॅडमचा प्रश्न.

"कळलं तर काय होईल?" मी विचारलं.

"ज्याच्या गाठीत तो आहे, त्याच्यासाठी वेगळं औषध शोधता येईल. सगळ्यांना एकाच काठीने किती दिवस हाकायचं, नामदेवराव?"

एका जातीचा लिंफोमा असा होता की त्यात हा व्हायरस नसतोच, असं सगळे धरून चालत. मॅडमचं मन ते घेईना. त्यांनी तशा पंचेचाळीस पेशंटचे जुने ब्लॉक कपाटातून काढायला लावले. रोज पाच पेशंटचे काप मी काढायचे आणि नळ्यांत भरून द्यायचे, पुढची तपासणी त्यांची. नऊ दिवसांत माझं काम उरकलं. त्यांनी दिलेल्या इंग्रजी सूचनांच्या कागदावर एक ओळ होती: प्रत्येक ब्लॉकला नवं ब्लेड.

आता माझी बाजू ऐका. मी काम शिकलो तेव्हा वापरून फेकायची ब्लेडं नव्हती. पोलादी सुरी असायची, ती चामड्यावर घासून घासून हात भरून यायचे. एका ब्लॉकसाठी एक अख्खं ब्लेड टाकून देणं मला ताटात अन्न टाकण्यासारखं वाटायचं. ब्लेडची कड चांगली लांब असते. डावीकडे एक ब्लॉक, मधे दुसरा, उजवीकडे तिसरा, असे तीन आरामात निघतात, आणि प्रत्येकाला कोरी कड मिळते. ही युक्ती मी साऱ्या लॅबला शिकवली होती. डॉक्टर लोकांना हातातल्या कामाचं काय कळतं, असं म्हणून मी ती ओळ वाचली आणि सोडून दिली.

तीन महिन्यांनी निकाल आला. पंचेचाळीसपैकी अकरा गाठींत व्हायरस! मॅडम दोन-दोन पायऱ्या चढत माझ्या टेबलापाशी आल्या आणि धाप लागल्यामुळे त्यांना बोलताच येईना. पेपर एका जर्नलला गेला. सिकंदराबादला देशभरातल्या डॉक्टरांची परिषद भरणार होती, तिथे त्यांचं भाषण ठरलं. लॅबमध्ये उस्मानिया बिस्किटं वाटली. मीही घरी बायकोला, भामाला, सांगून टाकलं की माझ्या हातचे काप आता जगभर गाजणार.

परिषदेला वीस दिवस होते. मॅडम अजून त्याच उत्साहात होत्या. चहाला आल्या आणि म्हणाल्या, "इतकी तेज टेस्ट आहे ना ही, ब्लेडला चिकटून दुसऱ्या गाठीचा एक कण जरी आला तरी पकडते. म्हणून तर नवं ब्लेड लिहिलं होतं मी."

माझा कप ओठापाशीच थांबला. मायक्रोस्कोपखाली बघायच्या कापात असल्या कणाने काही बिघडत नाही. जन्मभर मी त्याच कामात होतो. हे काम वेगळं आहे, हे मला कागदाने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

मी एक वही ठेवतो, मराठीत. कोणता ब्लॉक कोणत्या दिवशी, कितवा, ब्लेडच्या कोणत्या भागावर कापला, सगळं तिच्यात असतं. ती मी रविवारी घरी उघडली. रोजची सुरुवात एकसारखी होती. पहिल्या ब्लेडवर डावीकडे कोरं मेण, मशीन स्वच्छ आहे हे दाखवायला. मधे पक्का ब्लॉक, म्हणजे ज्यात व्हायरस आहे हे आधीपासून माहीत आहे असा, टेस्ट नीट चालते हे कळायला. आणि उजवीकडे, त्याच ब्लेडवर, दिवसाचा पहिला पेशंट. नऊ दिवसांचे नऊ पहिले पेशंट. निकालातले अकरा नंबर मी वहीत टिपून ठेवले होते; त्यांतले नऊ नेमके तेच होते.

ती वही माझ्याशिवाय कुणी वाचत नव्हतं. रिटायर व्हायला आठ महिने राहिले होते. गप्प बसलो असतो तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला सांगू? भामा विहारातून आली, माझं तोंड बघून समोर बसली आणि सगळं काढून घेतलं.

"तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका तोंडावर सांगितल्या," ती म्हणाली. "आता स्वतःची सांगा की."

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सांगितलं. त्यांच्या जागी मी असतो तर छत डोक्यावर घेतलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "वही आणलीय? वाचून दाखवा. मी वाचायला घेतली तर दिवाळी उजाडेल."

मी एकेक ओळ वाचत गेलो, त्या आपल्या यादीवर खुणा करत गेल्या. नववी खूण झाली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बाहेर निघून गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल होते.

"कागद दिला मी तुम्हाला," त्या म्हणाल्या, "पण एक दिवस शेजारी उभी राहून बघितलं नाही. ते माझं चुकलं."

"मॅडम, चूक माझी आहे."

"अर्धी अर्धी करू. भाकरीसारखी."

त्याच दिवशी त्यांनी पेपर मागे घेतला. वरचे साहेब म्हणाले, भाषण तेवढं होऊन जाऊ द्या, मग सावकाश बघू. मॅडम म्हणाल्या, "सर, नऊ जणांच्या गाठीत नसलेला व्हायरस घातलाय मी. तो आधी काढते." मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. मला या बाईचा अभिमान वाटतो, आणि तो नेमका त्या वाक्यापासून.

मग सगळे पंचेचाळीस ब्लॉक पुन्हा कापले. एका ब्लॉकला एक ब्लेड. पक्का ब्लॉक सगळ्यांत शेवटी. दर वेळी मशीन पुसून काढायचं. एकदाच वापरलेलं ब्लेड डब्यात टाकताना माझा जीव तुटायचा आणि शेजारच्या स्टुलावर बसलेल्या मॅडम म्हणायच्या, "टाका, टाका." या वेळी मॅडमनी रात्री जागून तपासण्या उरकल्या आणि परिषदेच्या आदल्या दिवशी निकाल आला. नऊ स्वच्छ निघाले. दोन मात्र होते तसेच राहिले. व्हायरस नसतोच म्हणतात, त्या लिंफोमात दोन गाठींत तो होता.

परिषदेत मी मागच्या रांगेत बसलो, इस्त्रीचा शर्ट घालून. मॅडमनी अकराचे दोन कसे झाले ते सगळं सांगितलं, ब्लेडसकट. कुणीतरी विचारलं, चूक पकडली कुणी? "ज्यांनी काप काढले होते, त्यांनीच. श्री. नामदेव सोनकांबळे. ते मागे बसलेत," त्या म्हणाल्या. दोनशे माना वळल्या. कुठे तोंड लपवू असं मला झालं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक उठले. आवाज करडा. "अकरांतले नऊ खोटे निघाले. उरलेल्या दोनांवर आम्ही का विश्वास ठेवावा?"

मॅडमनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"दुसऱ्या पद्धतीनेही तपासलंय, ते पुढच्या स्लाइडवर दाखवते," त्या म्हणाल्या. "पण त्याआधीचं कारण असं, की ते दोन्ही ब्लॉक सोनकांबळ्यांनी पुन्हा कापलेत. आणि काही चुकलं असतं, तर त्यांनी येऊन सांगितलं असतं."

प्राध्यापकांनी मागे वळून माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते खाली बसले.