वंदाच्या मेलमधले साडेपाच तास

हे मी आजवर कुणापुढं बोललो नाही. लग्न केलं असतं तर बायकोला तरी सांगितलं असतं का? — छे, तिच्यापासूनही लपवलं असतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तोंड उघडायलोय.

मी झरीत राहतो. घरी बसून मेल पाठवणारे प्रोग्राम लिहितो. दिवस दिवस कुणाशी बोलणं नाही. आपुलकीनं विचारपूस करायची ती एकटी वंदा, ताडकळसची माझी मामेबहीण. "दादा, जेवलास का?" एवढ्यासाठीही फोन करायची.

एका शिक्षणसंस्थेतल्या नोकरीच्या मुलाखतींचे मेल माझ्या प्रोग्राममधून जायचे. परदेशातल्या मशीनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. ते हाताळायची नीट रीत असते — वेळेसोबत ती कुठल्या देशाची, हेही लिहून ठेवायचं. मला ठाऊक होती हो! पण कंटाळा. सरळ साडेपाच तास मिळवून टाकले. कोण बघायलंय? पुढं संस्थेनं मशीन बदललं, नव्याचं घड्याळ भारताचंच. माझे साडेपाच तास मात्र तसेच मिळत राहिले. त्यानंतर अर्ज भरणारी एकटीच — वंदा.

वेळ मेलमध्ये लिहिलेली नसायची; बटण दाबलं की माझा प्रोग्राम ती त्या क्षणी काढून दाखवायचा. दहाऐवजी तिला साडेतीन दिसले. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "दादा, माह्या मैत्रिणीला दहाचं आलंय अन् मला साडेतीनचं कसं रे?" उघडून बघायचं, दोन मिनिटांचं काम. बघितलं का मी? उलट खेकसलो, "माझा प्रोग्राम चुकत न्हाई. साडेतीनलाच जा."

ती तीनलाच परभणीत पोचली. मुलाखती संपून लोक घरी गेले होते. आणि मामानं तिला बजावलं होतं — ही शेवटची, मग लग्न.

इथवरची चूक म्हणा हवं तर. पुढचं चुकून झालं नव्हतं. फोनवर ती रडायलेली आणि मी इकडं गुपचूप प्रोग्राम दुरुस्त करायलो होतो. झाल्यावर म्हणालो, परत उघडून बघ. दहा दिसले. मग ती दबक्या आवाजात म्हणाली — पण काल मी तुला साडेतीन म्हणाले होते ना?

"दहाच म्हणाली होतीस," मी म्हणालो. "मीही दहालाच जा म्हणालो."

तिनं ते खरं मानलं! दादा खोटं कशाला बोलेल? मामा घरादारासमोर तिला वेंधळी म्हणाला, तेव्हा मी मान डोलावली. हो, डोलावली.

तिचं सासर राणीसावरगाव. नोकरी राहिली ती राहिलीच. मी तिचे फोन उचलायचं हळूहळू बंद केलं — आता कुणीच फोन करत नाही. फार एकटं वाटतं, पण ते माझ्याच हातानं झालंय.

मागच्या महिन्यात तिच्याकडं जावंच लागलं. लेकीच्या शाळेतून परीक्षेच्या वेळेचा मेसेज आला होता. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "दादा, तूच वाच रे. माह्या डोळ्यांचा काय भरवसा न्हाई."

मी वाचून दाखवला. चहा घेतला आणि निघालो.