विहीर झोपलीय

मी शाळेत गेलो तो एकदाच, कौलांवर चढलेली बकरी उतरवायला. त्यामुळे मला समजतं ते जरा उशिराच. गोराईला भाड्याने राहायचो तेव्हा शेजारी एक कोळीण मावशी होती. मी विहिरीत बादली आपटली की ओरडायची, "हळू रं मेल्या, विहीर झोपलीय!" मासळी, टोपली, पाय, सगळं ती खाडीच्या पाण्याने धुवायची. गोडं पाणी फक्त पिण्या-रांधण्यापुरतं.

एकदा गावात साहेब आले. समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना काढणार म्हणाले. टाळ्या मी एकट्यानेच वाजवल्या. मला पाणी भरायचा भारी कंटाळा.

मावशीने विचारलं, "आणि उरलेला खार कुठं टाकणार?"

"खाडीतच."

"मग आमची मासळी कुठं जायची?"

साहेब म्हणाले, "बघू." गाव खवळला. मावशी मात्र "आपली विहीर हाय की!" म्हणत उठली, लुगडं खोचलं आणि विहिरीत उतरली. पावसाआधी घरटी एका माणसाने गाळ काढायचा, असा तिथला रिवाज. तिच्यामागून सगळा गाव घमेली घेऊन आला. मी हळूच सटकत होतो.

खालून आवाज आला, "ए टाळीवाल्या! हात मोकळे दिसतात तुझे."

"मावशी, मी भाडोत्री ना!"

"पाणी पितोस ना? मग तुझं पण घर धरलं."

गाळाचं पहिलंच घमेलं मी धांदलीत स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं.

आता विहीर माझीही झाली होती, म्हणून साहेब परत आले तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच बोंबललो, "कारखाना नको!"

मावशीने माझ्या पाठीत धपाटा घातला. "हळू रं मेल्या, विहीर झोपलीय."