पांढऱ्या साडीतल्या चार बायका

पांढरा रंग सगळ्यात अवघड, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. ट्यूबमधून नुसता पिळून लावला तर कॅनव्हासवर बाई दिसतच नाही, नुकती चुना मारलेली भिंत दिसते. त्यात थोडा निळा घालावा लागतो, थोडा पिवळा, सावलीच्या जागी जांभळट राखाडी. नीळ दिलेल्या सुती साडीचा पांढरा वेगळा आणि वर्षभर कपाटात घडी घालून ठेवलेल्या रेशमी साडीचा वेगळा. हे मी शिकले ते आईकडे आणि तिच्या मैत्रिणींकडे बघून, दर बुद्धपौर्णिमेला.

आम्ही मूळचे विदर्भातले, बौद्ध. आई-बाबा दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे माझं लहानपण दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. आमच्याकडे मंगल दिवशी बायका पांढरं नेसतात. विहारात वंदनेला पांढरं, बाळाच्या नामकरणाला पांढरं, लग्नात नवरीसुद्धा पांढऱ्या साडीत. आईच्या लग्नाचा अल्बम बघून शेजारच्या आंटींनी तोंडावर हात ठेवला होता. "शादी में सफ़ेद?" आई हसून म्हणाली, "हमारे यहाँ खुशी में यही पहनते हैं, भाभीजी." हेच वाक्य ती पुढे भाजीवाल्यापासून लिफ्टमधल्या बायकांपर्यंत सगळ्यांना ऐकवत आली. तिचा आवाज कधी चढला नाही आणि तिची साडीही बदलली नाही. चिडायचे ती मी. माझ्या नाकावर राग असतोच.

कॉलेजात दर सेमिस्टरला कोणीतरी स्त्रीत्व हा विषय घ्यायचंच. मग लाल दोरा यायचा, फुटक्या बांगड्या यायच्या, पोट धरून बसलेली बाई यायची. माझ्या मैत्रिणी ते मनापासून करायच्या, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण मला सोसणारी बाई काढायचा वीट आला होता. सोसणारी बाई भिंतीवर छान दिसते. बघणाऱ्याला हळहळता येतं आणि हळहळून झालं की जेवायला जाता येतं. तुझ्या मते बाईपण म्हणजे काय, असं मला वर्गात विचारलं तेव्हा मी म्हणाले, जेवण झाल्यावर पाय पसरून बसणं. वर्ग हसला. मी गंमत करत नव्हते. मी आयुष्यात जितक्या बायका पाहिल्या त्यांना पाय पसरायला जागा आणि वेळ क्वचितच मिळाला होता, आणि मिळाला तेव्हा त्या फार सुंदर दिसल्या होत्या.

तेच चित्र मी काढलं. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरसमोरचं गवत, पौर्णिमेची दुपार, खीर संपलेले कागदी द्रोण आणि पांढऱ्या साडीतल्या चार बायका. एक आई. बाकीच्या तिघी तिच्या मैत्रिणी, एक अकोल्याची, एक नांदेडची, एक नागपूरची. नागपूरच्या मावशीने गुडघा वर घेतलाय आणि ती मान मागे टाकून हसतेय. नांदेडची आडवीच झालीय. अकोल्याची दातांत काडी घालतेय. आईने चपला काढून पाय लांबवलेत आणि ती कशाकडेच बघत नाहीये. कोणाच्या कपाळावर काही नाही, कारण त्यांच्यातली कोणीच टिकली लावत नाही. चित्राचं नाव मी ठेवलं, 'जेवणं झाल्यावर'.

आम्ही आता दिल्लीतल्याच द्वारकेत राहतो, आणि फ्लॅटची बंद करून घेतलेली बाल्कनी हाच माझा स्टुडिओ. दिल्लीच्या थंडीत धुराने उजेडच मळकट होतो, त्यात पांढरा धड दिसत नाही. म्हणून मी साड्या सोडून बाकी सगळं आधी रंगवलं आणि होळीनंतरच्या उन्हाची वाट पाहिली. आई रोज चहा आणून द्यायची आणि मागे उभी राहायची. पूर्ण झालं त्या दिवशी ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बेटा, माझे पाय इतके जाड आहेत?" आणि लगेच, "पण छान वाटतंय गं. आम्ही अशा दिसतो होय?" इतकी मोठी दाद मला त्यानंतर मिळालेली नाही.

दक्षिण दिल्लीतल्या एका गॅलरीने तरुण चित्रकार मुलींचं प्रदर्शन ठरवलं होतं. तिथल्या क्युरेटर मॅडम चांगल्या होत्या, हे मला सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट फारच सोपी होईल. त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. "कितना दर्द है इसमें! चार विधवाएँ, और कोई किसी की तरफ़ देख नहीं रही." मला आधी हसू आलं. मी समजावून सांगितलं, मॅम, या विधवा नाहीत, सणाला जमल्यात, जेवून बसल्यात, ही हसतेय बघा. त्यांनी मान डोलावली. "अच्छा! फिर तो और भी लेयर्ड है." त्या म्हणाल्या की चित्रकाराला काय म्हणायचं असतं ते एक आणि बघणारा काय वाचतो ते एक. चित्राशेजारी लावायला लिहिलेला विधवांचा मजकूर बदलून देते, असंही म्हणाल्या. बिल्कुल, डोंट वरी.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी पोचले तेव्हा मजकूर तसाच होता. पांढऱ्यातलं रितेपण, स्त्रीच्या वाट्याला आलेलं मौन वगैरे. चित्राचं नाव खाली बारीक अक्षरात होतं. मी मॅडमना शोधायला वळले तेवढ्यात दारातून आई-बाबा आत आले. आईने ठेवणीतली पांढरी रेशमी साडी नेसली होती. मुलीचं चित्र लागलंय म्हटल्यावर ती दुसरं काय नेसणार? तिचा चेहरा इतका आनंदी होता की मला तिला दारातूनच परत पाठवावंसं वाटलं.

आई चित्राशेजारी जाऊन उभी राहिली. लोक चित्राकडे बघायचे, मग तिच्याकडे, आणि आवाज खाली आणायचे. मोत्यांची माळ घातलेल्या एक वयस्कर बाई पुढे झाल्या. त्यांनी आईचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूच विचारलं, "भाईसाहब को गुज़रे कितना समय हुआ?"

आई गोंधळली, पण क्षणभरच. "वो? वो उधर समोसा खा रहे हैं."

बाई ओशाळल्या. सॉरी, सॉरी म्हणाल्या, पण हात सोडला नाही. "फिर आप सफ़ेद क्यों...?" आईने तिचं नेहमीचं वाक्य सांगितलं, खुशी में यही पहनते हैं. "कौन लोग?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध आहोत.

"अच्छा," त्या बाई म्हणाल्या. हा अच्छा आमच्या घरात सगळ्यांना ओळखू येतो. आईने तो ऑफिसात ऐकलाय, मी शाळेत ऐकलाय. त्यात शिवी नसते, काही वाईटही नसतं, फक्त समोरच्याच्या मनात आपल्या जातीचा हिशेब झालेला असतो. बाईंनी हात सोडला, घड्याळ बघितलं, "बहुत सुंदर पेंटिंग है" म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे गेल्या. विधवा समजून त्यांनी तो हात किती मायेने धरला होता. आईने तोच हात पदराखाली घेतला. इतकी तोंडाळ मी, दोन पावलांवरून सगळं बघत उभी राहिले.

घरी जाताना मेट्रोत बाबांनी वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "म्हणजे मी गेलो म्हणायचं. पेन्शन तरी चालू ठेवा रे." मी हसले. आईने पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला.

चित्र विकलं गेलं. कोणाच्या घरी गेलं ते मला सांगितलं नाही, पण ज्या घरी गेलं तिथे ते विधवांचं चित्र म्हणूनच लागलं असणार. मॅडमनी फोन करून सांगितलं की अशीच मालिका कर, लोकांना ते व्हाइट फार भिडलंय. मी नाही म्हटलं. यात शौर्य काही नव्हतं. नंतर घरासाठी म्हणून तेच चित्र पुन्हा काढायला बसले तर मला जमेना. आईच्या साडीवर ब्रश टेकवला की मनात पहिला विचार येतो, हे दुःखी तर दिसत नाहीये? मग मी उजेड वाढवते, हसू मोठं करते, गवतावर फुलं काढते. बायका जाहिरातीतल्यासारख्या दिसायला लागतात. ते खरवडून काढलं की खाली उरतात त्या चौघी मला स्वतःलाच विधवा वाटतात. आपण खरं तेच काढलं की बघणाऱ्याला ते दिसतं, असा माझा भाबडा समज होता, आणि माझी सगळी कला त्या एका समजावर उभी होती. आता स्टुडिओत बसते ती सवयीने. लिंबाच्या रंगाची भांडी, निळे पडदे, असलं काहीबाही काढते. पांढऱ्याची ट्यूब त्यालाही लागते, पण त्यात माझा जीव नाही.

यंदा पौर्णिमेला सकाळी विहारात जायला निघालो तर आई खोलीतून अबोली रंगाची साडी नेसून बाहेर आली. मला वाटलं अजून तयार व्हायचीय. मी म्हटलं, "आई, चल ना, उशीर होतोय. नेस पटकन."

"तिथे जाऊन नेसते," ती म्हणाली. "रस्त्यात उगाच कोणी काही विचारायला नको."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. इतकी वर्षं शेजारी, ऑफिस, बाजार, सगळी दिल्ली मिळून तिच्याकडून हे करवून घेऊ शकली नव्हती. ते माझ्या चित्राने केलं. तिने कापडी पिशवी माझ्या हातात दिली आणि चपला घालायला वाकली. पिशवीत पांढरी साडी होती. वरून तिने वर्तमानपत्र पसरलं होतं, साडी दिसू नये म्हणून.