पाचवा पट्टा

परेरा सरांनी माझ्या टेबलावर एक फोटो आपटला. टीव्हीच्या स्क्रीनवरून काढलेला, झूम करून करून पुसट झालेला.

"सांग, हा पट्टा सरळ आहे ना?"

मी अंधेरीतल्या एका मैदानाचा ग्राउंड सुपरवायझर. देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगमधली एक टीम तिथे खेळते. परेरा सर तिचे मॅनेजर. मी बीएस्सी ॲग्री करून मुंबईत आलो, तेव्हा गवताला पदवीधर लागतो हे मानणारे ते एकटेच भेटले. वडील शेतातलं गवत उपटतात आणि मुलगा ते वाढवायचा पगार घेतो, हे गावात अजून कुणाला पटलेलं नाही.

त्या सीझनची शेवटची मॅच आम्ही आदल्या दिवशीच हरलो होतो. बरोबरी झाली असती तरी पहिल्या चारांत गेलो असतो. पण शेवटच्या मिनिटाला समोरच्या स्ट्रायकरने गोल मारला. फोटोत तो आमच्या डिफेंडरच्या फूटभर पुढे, म्हणजे ऑफसाइड दिसत होता. पुढे कशावरून? माझ्या पट्ट्याच्या कडेवरून.

मैदानावरचे फिकट-गडद पट्टे रंगाचे नसतात. कापणीच्या मशीनला मागे रोलर असतो, तो गवताची पाती वाकवतो. बघणाऱ्यापासून पलीकडे वाकलेलं गवत फिकट दिसतं, त्याच्याकडे वाकलेलं गडद. गवत एकच.

"मालक लीगकडे प्रोटेस्ट करतायत," सर म्हणाले. "पट्टे गोललाइनला समांतर आहेत असं लिहून दे. टेक्निकल माणूस म्हणून."

"सर, बाकीचे आहेत. हा पाचवा तिरका आहे."

मॅचच्या सकाळी एका स्प्रिंकलरचं झाकण तुटून वर आलं होतं. ब्लेड वाचवायला मी मशीन जरा बाजूला घेतलं आणि परत ओळीत आणलंच नाही.

"अरे, अख्खा सीझन तुझ्या पट्ट्यांकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. आज सगळे डोळे फाडून बघतायत, तर तू म्हणतोस तिरका?"

"आहे म्हणून म्हणतो, सर."

"या आठवड्यात कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होतायत. तुझं पण. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. घरभाडं त्यावरच होतं. तरी मी टेप आणि दोरी घेऊन सरांना मैदानावर नेलं. डिफेंडर उभा होता तिथे आणि स्ट्रायकर होता तिथे, दोन्हीकडून पट्ट्याची कड गोललाइनपासून मोजली. स्ट्रायकरच्या बाजूला अंतर दीड फूट जास्त भरलं.

"म्हणजे गोल बरोबर?"

"अर्धा फूट राखून."

सरांनी रिकाम्या स्टँडकडे एकदा बघून घेतलं. "दोरी गुंडाळ. लवकर."

ऑफिसात येऊन म्हणाले, "तो समांतर शब्द सोड. बाकी काय लिहायचं ते लिही." मी लिहिलं, 'मैदानावरील सर्व पट्टे मशीनने काढलेले आहेत.'

सरांनी दोनदा वाचलं. "झकास! यात खोटं काही नाही आणि कामाचं पण काही नाही."

पत्र गेलं. चार दिवस मला घास गोड लागला नाही. आज ना उद्या कुणीतरी विचारणारच, आणि विचारलं की मी सांगणारच. मग कॉन्ट्रॅक्टची वाट लागली.

पाचव्या दिवशी लीगचं दोन ओळींचं उत्तर आलं. खेळातल्या घटनेबद्दल रेफरीचा निर्णय अंतिम असतो. प्रोटेस्ट ऐकता येत नाही. गवताचा उल्लेखही नव्हता. माझं पत्र कुणी उघडलंसुद्धा नसावं.

संध्याकाळी सरांनी माझा कॉन्ट्रॅक्टचा फॉर्म पुढे सरकवला. रिन्यू झाला होता. मालकांनी आठवडाभर तो एकच गोल पुन्हा पुन्हा बघितला होता, त्यामुळे मैदान त्यांच्या डोळ्यांत भरलं होतं. फॉर्मवर त्यांच्या हातचा शेरा होता : 'ग्राउंड अप्रतिम. पुढच्या सीझनलाही अगदी असेच पट्टे हवेत.'

"अगदी असेच. कळलं ना?" हसू दाबत सर म्हणाले.

मी मालकांना आभाराचं पत्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी झाकण बदललं आणि पाचवा पट्टा सरळ केला. नोकरीत वरून आलेली प्रत्येक सूचना पाळायचीच असते असं नाही. काही सूचना मनापासून आभार मानून फाइलला लावायच्या असतात.