सारख्याशी सारखं

जगातली कुठलीही वस्तू एकटी बघायची परवानगी माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, आजवर कुणाला दिलेली नाही. वांगी घ्यायची तर तीन गाड्यांवरची एकेक उचलून शेजारी शेजारी ठेवतात. त्यातही काटेरी वांग्याशी काटेरीच. भरताचं वांगं मध्ये आलं की भाजीवाल्या मावशींवर डाफरतात. कळंब्याला त्यांच्याच घरी राहून मी बी.कॉम. करतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे वडीलधाऱ्यांबद्दल असं लिहावं की नाही, हे मला नीट कळत नाही. पण तीन वर्षांचा राग साठला आहे आणि तो कुठेतरी मांडायला हवा.

कारकुनी करून निवृत्त झाल्यावर अण्णा शेअर बाजारात शिरले. शिरले म्हणजे बघायला लागले. सिमेंटची एखादी कंपनी आवडली की तिच्या जोडीच्या आणखी चार सिमेंट कंपन्या काढायच्या. नफा, कर्ज, भाव कमाईच्या किती पट, सगळं ताडून बघायचं. तेवढ्यात आवडलेल्या कंपनीचा भाव वर गेलेला असतो. मग अण्णा भावावर चिडतात, आणि भाव हाताशी नसल्यामुळे माझ्यावर. एकदा जेवताना मी धीर करून म्हणालो, "अण्णा, ही बँक घ्या की. कमाईच्या दहापट भावात मिळते. तुमची ती साबणाची कंपनी पन्नासपट आहे." अण्णांचा घास हातातच राहिला. काकीला म्हणाले, "ह्याला आमटी वाढू नको. म्हस न् शेळी एका दाव्याला बांधून दूध मोजतंय ह्ये."

काकी वाढतच म्हणाली, "मग शेळीवाल्याला उपाशी ठेवायचं व्हय?"

"बँकंला बँकंशी बघायचं, साबणाला साबणाशी. कॉलेजात काय शिकवत्यात तुला?"

सरांनी आदल्याच आठवड्यात नेमकं हेच शिकवलं होतं. ते मला ऐनवेळी आठवलं नाही, याबद्दल मला अजूनही राग अण्णांचाच येतो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर गारगोटीजवळच्या आमच्या गावाहून वडिलांचा फोन आला. माझा मावसभाऊ आयटीआय करून फौंड्रीत लागला होता आणि त्यानं मोटारसायकल घेतली होती. "त्यो कमवाय लागला, तू अजून वह्या घेऊन हिंडतोयस," वडील म्हणाले. "शेवटचं वर्ष ऱ्हाऊ दे. फौंड्रीत तुझ्यासाठी बोलून ठेवलंय." फोन स्पीकरवर होता आणि शेजारी अण्णांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, माझ्यासाठी चिडले. ते तुलना चुकली म्हणून चिडले होते.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या कॉलेजच्या गेटवर उभे राहिले आणि माझ्या वर्गातल्या मुलांना अडवू लागले. "ओ पावणं, जरा थांबा की. मार्क किती पडलं? घरात तुमच्या आधी कोण शिकलंय? क्लास लावलाय?" ज्याच्या घरी आधी कुणी शिकलेलं निघे, त्याला ते लगेच सोडून देत. माझा मित्र वर्गात येऊन म्हणाला, "तुझे अण्णा बाहेर खानेसुमारी करायला लागल्यात." धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. कुणाच्या चुलत्यानं असं करावं? माझी लाज त्यांच्या कुठल्या हिशेबात बसते?

रविवारी ते मला घेऊन गावी गेले. घराच्या पुढच्या सोप्यात टेकायच्या आधीच वडिलांना म्हणाले, "फौंड्री न् कॉलेज एका तागडीत घातलंस कसं तू?"

"पगार त्यो पगारच की, अण्णा."

"ह्याच्यासारख्या पोरांशी लावून बघितलं मी. मधल्यात हाय. लई हुशार न्हाय, ढ बी न्हाय."

चहा घेऊन आलेली आई दारातच थांबली. माझे कान तापले.

"पण त्यातली निम्मी पोरं क्लासला जात्यात. ह्यो पहाटं डेअरीत दुधाचं कॅन उचलून मग कॉलेजला जातोय, तरी त्यांच्या बरोबरीला हाय. येवढं ध्यानात घे, आणि मग काढ त्याला."

वडील माझ्याकडे न बघता, स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "कॅन उचलतोस, ह्ये बोलला न्हाईस कधी." मग आईच्या हातातला चहा घेत म्हणाले, "पुरं कर जा वर्ष."

परतीच्या एसटीत मी अण्णांना विचारलं, "आईसमोर 'हुशार न्हाय' कशाला म्हणायचं?"

"वाढवून सांगितलं असतं, तर निकालादिवशी तुझ्या बापानं मलाच धरलं असतं," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

माझा राग गेला नव्हता. आभार मानायचे होते, तेही राहिले. एका वळणावर झोपेत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर कललं. घसरलेली टोपी मी सारखी केली आणि कळंबा येईपर्यंत खांदा हलवला नाही.